मराठी बोलणारी, कन्नड वाचणारी मुलगी आणि सुटीतली पुस्तकं

मी बेळगावात पुस्तकं विकतो. मला आलेलं पत्र असं आहे:

‘दादा, आम्ही वडगावला राहतो. घरातच चार माग आहेत. थोरली मुलगी नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली. तिची शाळा कन्नड माध्यमाची. घरात आमचं सगळं मराठीत, पण मराठी पुस्तक हातात दिलं की दोन ओळींत अडखळते आणि खाली ठेवते. धाकटा आता पाचवीत जाईल, तो इंग्रजी शाळेत. सासूबाईंचं माहेर निपाणी, तरुणपणी तंबाखूच्या वखारीत काम केलेलं. आता त्यांना नीट दिसत नाही. मालक पेपरशिवाय काही वाचत नाहीत. मी बारावीपर्यंत मराठीतून शिकले, वाचायची आवड होती, लग्नानंतर सुटली. पाडव्याला हजार रुपये पुस्तकांसाठी बाजूला काढलेत. यंदा नवीन काय आलंय ते सांगा. मुलांचं मराठी सुटू नये एवढंच मनात आहे. – वडगावची एक वाचक’

अक्का, नमस्कार.

हजार रुपयांत काय आणायचं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचायला सवड झाली नाही तरी काम अडायचं नाही. मुलीसाठी प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. मालकांसाठी देविदास सौदागर यांची ‘उसवण’. धाकट्यासाठी जी. ए. कुलकर्णींचं ‘बखर बिम्मची’. पैसे उरले तर ‘किशोर’ मासिकाचे दोन-चार अंक. सासूबाईंची आणि तुमची पुस्तकं वाचनालयातून आणा. यातली दोन पुस्तकं जुनी आहेत, आणि तुम्ही तर नवीन काय ते विचारलंत. त्याकडे येतोच. पण या सगळ्यांना एक अट आहे: ही पुस्तकं घरात मोठ्यानं वाचली गेली पाहिजेत. तुमच्या पत्रातली अडचण त्यानंच सुटेल असं मला मनापासून वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तुमच्या मुलीचं मराठी सुटलेलं नाही. ती तुमच्यावर रुसते ती मराठीत, भावाशी भांडते ती मराठीत, आज्जीला गोळी घेतलीस का विचारते ती मराठीत. भाषा तिच्या कानात आणि जिभेवर पक्की आहे. अडतंय ते डोळ्यांपाशी. देवनागरी अक्षरं तिला हिंदीच्या तासामुळे येतच असतील, तरी मराठीची ओळ तिला परकी वाटते, याचं कारण कन्नड वाचायच्या सवयीत आहे. कन्नडमध्ये जे लिहिलं ते पुरतं उच्चारायचं असतं, शेवटच्या अक्षरातला ‘अ’सुद्धा. मराठीत आपण ‘घर’ लिहितो आणि म्हणताना शेवटचा ‘अ’ गिळतो. ‘सरपण’, ‘करवत’ या शब्दांत मधलाही गिळतो. कुठला धरायचा, कुठला सोडायचा, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. पुन्हा ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चाक’मधला च वेगळा, ‘जन्म’मधला ज वेगळा आणि ‘जावई’मधला वेगळा. अक्षर तेच. कन्नडमध्ये तोकडा ए आणि लांब ए, तोकडा ओ आणि लांब ओ यांना निरनिराळी चिन्हं आहेत, आपल्याकडे एकेकच. दहा वर्षं कन्नडच्या चोख लिपीवर वाढलेल्या मुलीला मराठीचं पान ओबडधोबड वाटणारच. यात तिचा आळस नाही आणि तुमची कसूरही नाही.

आता गंमत बघा. हे सगळं न लिहिलेलं तिच्या कानाला आधीच ठाऊक आहे. ‘सरपण’ कसं म्हणायचं हे तिला शिकवावं लागत नाही. कान पुढे गेलाय आणि डोळा मागे राहिलाय, तेव्हा कानाचं बोट धरून डोळ्याला पुढे आणायचं. संध्याकाळी माग थांबले की पाऊण तास बसा. एक पान तुम्ही मोठ्यानं वाचा, ती शेजारी बसून ओळींवर नजर ठेवील. दुसरं पान तिनं वाचायचं. शब्द अडला तर तुम्ही तो नुसता म्हणा आणि तिला पुढे जाऊ द्या. ‘पुन्हा वाच’, ‘नीट वाच’ हे शब्द या पाऊण तासात कुणीच काढायचे नाहीत. कंटाळली तर त्या दिवशी सगळंच तुम्ही वाचा. करंट गेला आणि माग आपोआप बंद पडले, तर तो वेळ बोनस समजा.

मोठ्यानं वाचणं म्हणजे बालवाडीचं काम, असं कुणी म्हणालं तर त्यांना उमा विरूपाक्ष कुलकर्णींचं उदाहरण द्या. त्या मूळच्या बेळगावच्याच. एस. एल. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या मराठी घरांत पोचल्या त्या मुख्यतः त्यांच्यामुळे. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि या बाईंना कन्नड बोली कळायची, पण कन्नड लिपीचा सराव नव्हता. पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून टेप करून ठेवत, आणि त्या ते ऐकून मराठीत उतरवत. तुमच्या मुलीची अडचण म्हणजे हीच अडचण, फक्त उलट्या बाजूनं. त्यांचं आत्मकथन ‘संवादु अनुवादु’ या नावानं आहे; मुलगी थोडी मोठी झाली की तिला जरूर द्या.

‘वनवास’च का, ते सांगतो. या पुस्तकाचा नायक लंपन नावाचा मुलगा आहे. आई-वडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा. जिथं राहतो तो मुलूख आपला, सीमेवरचा: मराठीत कन्नड मिसळलेलं, माणसं दोन्ही भाषांत हाका मारणारी. पुण्या-मुंबईच्या वाचकाला यातले काही शब्द थांबून विचारावे लागतात. तुमच्या घरात कुणालाच थांबावं लागणार नाही. तुमच्या मुलीनं आजवर जे मराठी छापलेलं पाहिलं असेल ते पाठ्यपुस्तकातलं किंवा पेपरातलं. आपण बोलतो ते मराठी पुस्तकात छापलं जातं, आणि ते सुंदर असतं, हे तिला या पुस्तकात पहिल्यांदा दिसेल. माझ्या मते चौदा वर्षांच्या मुलीला द्यायला याहून मोठी गोष्ट माझ्या दुकानात नाही.

एक सावधगिरी. लंपन हा पोरगा एका दमात बोलतो, त्यामुळे वाक्यं लांबच लांब जातात. एकट्यानं मनात वाचायला बसली तर पहिल्याच पानावर तिची दमछाक होईल आणि पुस्तक पुन्हा खाली ठेवलं जाईल. तेच वाक्य तुम्ही मोठ्यानं म्हटलंत की त्यातला श्वास कळतो, कुठं थांबायचं ते कळतं, आणि हसूही येतं. कथा मोठ्या आहेत, एकेक दोन-तीन संध्याकाळी पुरते. आवडली तर पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ आहेतच. लंपनवर २०२४ मध्ये मोबाईलवर बघायची मालिकाही आली, आणि त्या वर्षीच्या गोव्याच्या इफ्फी महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला. पुस्तकाआधी पडद्यावर बघू नये, असं मी एरवी सांगतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत उलट सांगेन: आधी एखादा भाग बघू द्या. चेहरा ओळखीचा झाला की पान कमी परकं वाटेल.

आता कन्नडबद्दल. तुमच्या पत्रात ‘कन्नड माध्यमाची’ हे शब्द काहीसे दबून लिहिल्यासारखे वाटले, माझी समजूत चुकली असेल तर सोडून द्या. पण मुलीला असं कधीही वाटू देऊ नका की तिचं कन्नड वाचन हे मराठीच्या वाटेतला धोंडा आहे. जे मूल एका भाषेत पुस्तकात रमतं, ते दुसऱ्या भाषेत रमू शकतं. जे कुठल्याच भाषेत रमत नाही, त्याची काळजी करायची. म्हणून या सुटीत तिला एक कन्नड पुस्तकही द्या. पूर्णचंद्र तेजस्वींची ‘कर्वालो’ ही १९८०ची कादंबरी: सह्याद्रीच्या रानात उडणाऱ्या सरड्याचा शोध घेणारा एक शास्त्रज्ञ, त्याच्याबरोबर निघालेली गावातली साधी माणसं. खानापूरचं जंगल जिनं गाडीच्या खिडकीतून तरी पाहिलंय, तिला ते रान परकं वाटणार नाही. ती वाचून झाली की तिला सांगा, रोज जेवताना आज्जीला त्यातली गोष्ट मराठीत सांग. हा अभ्यास आहे असं तिला वाटणारही नाही.

जी. ए. कुलकर्णी चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, जन्म १९२३चा. लहानपण बेळगावात गेलं, नोकरी धारवाडला, शिकवायचे इंग्रजी, आणि लिहायचे मराठीत. ‘काजळमाया’ला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. आपल्या भागात एका माणसाच्या अंगाखांद्यावर तीन भाषा असणं ही नवलाची गोष्ट नाही, आणि त्यानं मराठी उणं होत नाही. जी.ए. म्हटलं की लोकांना काळोख आठवतो. पण त्यांनी मुलांसाठी ‘बखर बिम्मची’ लिहिली, ती तुमच्या धाकट्यासाठी. बिम्म हा छोटा मुलगा, त्याचे प्रश्न, त्याला भेटणारे प्राणी-पक्षी. छोटी छोटी प्रकरणं आहेत. झोपायच्या आधी एक वाचा. धाकट्यानं स्वतः वाचायचा आग्रह नको, त्यानं फक्त ऐकायचं. त्याच्या हातात द्यायला ‘किशोर’ आहे: बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, स्वस्त असतं, चित्रं असतात, आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. सुरेश सावंतांच्या ‘आभाळमाया’ या बालकवितांना २०२५चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय. वाचनालयात मिळालं तर आणा. कविता पोरांना पाठ होतात, आणि पाठ झालेली ओळ वाचताना अडखळायला होत नाही.

धाकट्याच्या निमित्तानं माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, म्हणजे तुमच्या घरात ती होणार नाही. वैशाखात आपल्याकडे शिवजयंतीचे चित्ररथ निघतात. त्याआधी पंधरा दिवस दुकानात शिवाजी महाराजांवरच्या कादंबऱ्यांना मोठी मागणी असते. अशाच एका वर्षी एक गृहस्थ अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा इंग्रजी शाळेतला. वडिलांनी सगळ्यात जाड कादंबरी मागितली, ‘पोराला इतिहास कळायला पाहिजे’ म्हणाले. त्या मुलाच्या हातात एक पातळ पुस्तक होतं, रानातल्या प्राण्यांचं. ते मी त्याच्या हातातून घेऊन परत रॅकवर ठेवलं आणि जाड पुस्तक बांधून दिलं. पुढच्या वर्षी वडील एकटेच आले, शाळेची गाईडं न्यायला. कादंबरी शोकेसमध्ये छान दिसते म्हणाले. तो मुलगा पुन्हा दुकानात आला नाही. पातळ पुस्तक मी विकलं असतं तर काय झालं असतं, हे मला सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून मुलाच्या हातातलं पुस्तक मी काढून घेत नाही, आणि कुणाला घेऊ देत नाही.

आता नव्याकडे. मराठीत नवी पुस्तकं मुख्यतः दिवाळीच्या पुढे-मागे आणि हिवाळ्यातल्या संमेलनांच्या तोंडावर निघतात. आपल्या भागात तर त्या दिवसांत कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशी गावोगावची साहित्य संमेलनं असतात. मीही ट्रंका भरून तिथे जातो. त्यामुळे चैत्रात माझ्याकडे असतं ते थंडीत आलेलं आणि तोवर मी वाचून काढलेलं. न वाचलेलं पुस्तक केवळ कोरं आहे म्हणून तुमच्या हजारांतून घ्या, असं मी सांगणार नाही. म्हणून गेल्या चार-पाच वर्षांतली, माझ्या खात्रीची सांगतो.

‘उसवण’ त्यात पहिली. देविदास सौदागर हे तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम करणारे. कादंबरी शिंप्याचीच आहे. तयार कपड्यांचे ढीग बाजारात आले आणि मापं घेऊन शिवणाऱ्याच्या मशीनवरचं काम कसं आटत गेलं, घर कसं चालवायचं, पोरांना काय सांगायचं, हे त्यात आहे. २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. पातळ पुस्तक आहे, भाषा सरळ आहे. तुमच्या मालकांना मी हे का देतोय, ते वेगळं सांगायला नको. वडगाव-शहापूरच्या मागावरच्या साडीनं सुरतेच्या मालाशी कशी झुंज दिलीय, ते त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलंय. पेपर वाचणारा माणूस वाचत नाही, असं आपण उगाच म्हणतो. त्याला आपल्या कामाबद्दल कुणी पुस्तकात लिहिलंय, हे ठाऊक नसतं. ‘हे वाचा’ असं सांगू नका. पहिली दहा पानं तुम्ही मोठ्यानं वाचा, ते हिशेब करत बसलेले असताना. पुढचं ते स्वतः घेतील असा माझा अंदाज आहे. नाही घेतलं तर राहू द्या, मुलीला किंवा तुम्हाला उपयोगी पडेल.

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ तुमच्यासाठी, पण सुटीच्या शेवटी. तिला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. धरणानं उठवलेलं गाव, मागं रानात राहून गेलेली जनावरं, आणि त्यातली म्हैस परत आणायला निघालेला माणूस. कोल्हापूरकडची दाट बोली आहे. तुम्हाला ती परकी नाही, तरी वाचायची सवय मोडलेली असताना एकदम हिच्यात शिरू नका. त्याआधी किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ हा कथासंग्रह घ्या. तोही आपल्या शेजारचाच, २०२१च्या पुरस्काराचा. कथा सुट्या सुट्या असल्यानं मध्येच भाकरी टाकायला उठावं लागलं तरी हरकत नाही.

सासूबाईंचा विचार करताना मला सगळ्यात आधी निपाणीचे महादेव मोरे आठवले. पिठाची गिरणी चालवायची आणि लिहायचं, असं त्यांनी आयुष्यभर केलं. २०२४ मध्ये ते गेले. वखारीत राबणाऱ्या बायका, ड्रायव्हर, हमाल, गॅरेजातली पोरं, बाजारातली माणसं: ज्यांच्यासाठी कुणी खुर्ची पुढे करत नाही अशांबद्दल त्यांनी लिहिलं. ‘झोंबड’, ‘एकोणिसावी जात’ ही त्यांची पुस्तकं. छापून संपलेली बरीच असतील, म्हणून वाचनालयात त्यांचं जे हाती लागेल ते आणा आणि सासूबाईंना वाचून दाखवा. वखारीतलं वर्णन आलं की थांबा. त्या स्वतःहून बोलायला लागतील: कुठल्या वखारीत होत्या, तंबाखूच्या खकाण्यानं डोकं कसं धरायचं, मजुरी किती मिळायची, बरोबर कोण होत्या. तेव्हा पुस्तक मिटून ठेवा. त्या जे सांगतील ते मुलीनं वहीत लिहून घ्यावं, मराठीत, जमेल तसं, शुद्धलेखन न बघता. या सुटीतलं तिचं खरं मराठी लेखन तेच होईल, आणि तो मजकूर कुठल्याही दुकानात मिळायचा नाही.

दुसरं, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून पुढे ही चार भागांत आली. लक्ष्मीबाई लिहितात ते समोर बसून बोलल्यासारखं, म्हणून ऐकायला याच्यासारखं पुस्तक नाही. वडिलांचं सोवळं, सासऱ्यांचा जाच, नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हाची तडफड, आणि तरी पानोपानी हसू. सासू-सून मिळून ऐकण्या-वाचण्यासारखं आहे. मी हे कितीतरी घरांत दिलंय, आणि परत आलेलं एकही आठवत नाही.

आता तुम्ही. पत्रात चार जणांसाठी मागितलंत, स्वतःसाठी ‘सुटली’ एवढा एकच शब्द लिहिलात. मला वाटतं तुमच्यासाठी कविता. इंदिरा संत, जन्म १९१४, आयुष्याचा मोठा काळ बेळगावात काढला, इथंच शिकवलं. लंपनचे लेखक प्रकाश नारायण संत हे त्यांचे चिरंजीव. म्हणजे मुलगी मुलाचं वाचील आणि आई आईचं. त्यांचा ‘शेला’ हा संग्रह १९५१चा, आणि ‘गर्भरेशीम’ १९८२चा, ज्याला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही नावं तुमच्या घरात कुणाला समजावून सांगायला नकोत. सूत हातात धरून ज्यांची बोटं वाढली, त्यांना त्या कवितांतला मऊपणा आणि त्याखालचा पीळ बरोबर कळेल. एका दिवशी एकच कविता वाचा. सकाळी कांडी भरताना मनात घोळवायला तेवढी पुरते.

हवं तर जोडीला दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आणा, १९५६चं. बारा महिन्यांवरचे लेख आहेत. चैत्राचा लेख चैत्रातच वाचा, वैशाखाचा वैशाखात. वर्षभर पुरेल असं हे एकच पुस्तक मला माहीत आहे. वाचनालयाचं मात्र वर्षभर ठेवता येणार नाही, तेव्हा पुढच्या पाडव्याच्या यादीत याला पहिला नंबर द्या.

वाचनालयाचं म्हणाल तर आपलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे, इतक्या जुन्या वाचनालयांची गावं महाराष्ट्रातही बोटांवर मोजण्यासारखी. सभासद व्हा, आणि मुलीला बरोबर नेऊन तिच्या नावावर पुस्तक काढा. मी पुस्तकं विकून पोट भरतो, तरी हे आग्रहानं सांगतो: जे पुस्तक पुन्हा पुन्हा हातात घ्यावंसं वाटेल तेवढंच विकत घ्या, बाकीचं वाचनालयातून. फुटपाथवर निम्म्या किमतीत मिळणारी चकचकीत प्रत घेऊ नका. त्यातली पुष्कळशी चोरून छापलेली असतात, अक्षर पुसट, मधली पानं गायब, आणि लेखकाला पैसाही मिळत नाही. अडखळत वाचणाऱ्या मुलीला तर पुसट अक्षर मुळीच नको. तिच्यासाठी मोठा टाईप आणि ओळींत मोकळी जागा असलेली आवृत्तीच बघून घ्या.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढच्या वर्षी तिची दहावी आहे. शिकवण्या आणि सराव परीक्षांत वर्ष निघून जाईल, पुढे कॉलेज. मे अखेरपर्यंतचा एवढा मोकळा वेळ तिला पुन्हा लवकर मिळायचा नाही. म्हणून सुटीचा पहिला आठवडा लग्नं आणि पाहुण्यांत गेला तर जाऊ द्या, पण दुसऱ्या आठवड्यात सुरुवात करा.

रविवारी सकाळी दहा ते एक मी दुकानात असतो. मुलीला घेऊन या. हजारातले तीनशे तिच्या हातात द्या आणि काय घ्यायचं ते तिला ठरवू द्या. ‘वनवास’ची मोठ्या टाईपची एक प्रत मी दारातल्या रॅकवर, तिच्या उंचीला ठेवतो. तिनं ती उचलली तर उत्तम. तिनं भुताच्या गोष्टी उचलल्या, कन्नड चित्रकथा उचलली, तरी तेच बांधून देईन. ‘वनवास’ तुम्ही तुमच्यासाठी म्हणून न्या, आणि संध्याकाळी माग थांबले की स्वतःपुरतं, पण मोठ्यानं, वाचायला बसा.